चित्र आपलं, दुकान परदेशातलं: कॉपीराइटचा हात कुठवर पोचतो?

ओलीशाई

‘अहो, तुमचा कॉपीराइट भारतापुरता. अमेरिकेतल्या माणसाने उचललं तर काय करणार तुम्ही?’ हे मला चित्रकार मित्रांनी ऐकवलं, एका प्रकाशकांनी ऐकवलं आणि एका वकिलांनीसुद्धा ऐकवलं. हे खरं नाही. लिहिणाऱ्या, चितारणाऱ्या, फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं, म्हणून हा चर्चेचा धागा काढते आहे.

निमित्त माझंच. गेल्या आषाढीला मी वारीचं एक चित्र काढलं होतं: डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली म्हातारी, मागे भिजून काठीला चिकटलेल्या पताका आणि खाली चिखलात उमटलेली पावलं. इन्स्टाग्रामवर टाकलं, लोकांना आवडलं. पुढे न्यू जर्सीतल्या मावसबहिणीचा निरोप आला की हे तुझंच ना? एका अमेरिकी संकेतस्थळावर ते टी-शर्ट, कॉफीमग आणि कापडी पिशवीवर छापून विकत होते. उजव्या कोपऱ्यातली माझी सही खोडली होती, पण घाईघाईत. ‘ई’च्या वेलांटीचं टोक चिखलाच्या रंगात तसंच राहिलं होतं.

मी संकेतस्थळाला नोटीस पाठवली आणि चित्र काढून टाकलं गेलं. मग त्याच माणसाने वेगळ्या नावाने पुन्हा चढवलं. पुन्हा नोटीस. सध्या उतरलेलं आहे.

या खटाटोपात जे कळलं त्यातलं मुख्य असं. ९ सप्टेंबर १८८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दल देशादेशांत एक करार झाला, तो बर्न करार. आज १८०हून जास्त देश त्यात आहेत, भारतही आणि १९८९पासून अमेरिकाही. त्याचे दोन नियम आपल्या कामाचे. पहिला, सदस्य देशातल्या लेखक-कलावंताला बाकीच्या सदस्य देशांनी आपल्या नागरिकासारखंच वागवायचं. दुसरा, हक्क मिळण्यासाठी नोंदणी, शिक्का, © ही खूण, कसलीच अट घालायची नाही. कोल्हापुरात बसून मी चित्र पुरं केलं त्या क्षणी अमेरिकेतही ते माझं झालं.

आता त्याची दुसरी बाजू. अमेरिकेत माझं संरक्षण होतं ते अमेरिकेच्या कायद्याने, जर्मनीत जर्मनीच्या. जगभर एकच चालेल असा ‘आंतरराष्ट्रीय कॉपीराइट’ नावाचा कायदा कुठेच नाही. हक्क आपोआप मिळतो, पण तो बजावताना दर देशाचा उंबरठा वेगळा आणि तिथल्या अटीही वेगळ्या. आपली माणसं फसतात ती बहुधा याच ठिकाणी.

इथे लेखक, अनुवादक, प्रकाशनात काम करणारे बरेच जण आहेत. आपापले अनुभव आणि माहिती लिहा.

---

टिपकागद

फार गरजेचा धागा. मी बरीच वर्षं प्रकाशनव्यवसायात हक्कांच्या आणि करारांच्या कामात आहे, म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिका १९८९मध्ये आत आली हे तुम्ही लिहिलंत. म्हणजे बर्न करारानंतर शंभरहून जास्त वर्षांनी! एकोणिसाव्या शतकात परक्या पुस्तकांची सर्रास नक्कल करणारा देश म्हणजे अमेरिकाच. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ साली तिकडे गेले तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या सगळीकडे खपत होत्या आणि त्यांना त्यातला पैसाही मिळत नव्हता. त्यांनी भाषणांतून ही गोष्ट काढली तर तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावरच टीका केली. परदेशी लेखकांना तिथे संरक्षण मिळालं ते १८९१ साली, तेही पुस्तक अमेरिकेतच छापलं पाहिजे अशा अटींवर.

त्या जुन्या नोंदणीच्या सवयीचा अवशेष तिथल्या कायद्यात अजून आहे. अमेरिकी लेखकाला कोर्टात जाण्याआधी नोंदणी करावीच लागते. आपल्याला ती अट नाही, कारण बर्न करार आडवा येतो. पण तिथे कायद्याने ठरवून दिलेली नुकसानभरपाई असते, एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि मुद्दाम केलेली चोरी असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत. ती भरपाई आणि वकिलाचा खर्च मागायचा असेल, तर चोरी सुरू होण्याआधी किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांत तिथे नोंदणी झालेली हवी. हे परदेशी माणसालाही लागू आहे. नोंदणी नसेल तर खरोखर किती नुकसान झालं, समोरच्याने किती कमावलं, हे सिद्ध करत बसायचं. चार टी-शर्ट विकले गेले असतील तर कुठला वकील हात लावणार?

म्हणून ज्यांचं काम परदेशात विकलं जातं, त्यांनी महत्त्वाच्या कृतींची तरी तिथे ऑनलाइन नोंदणी करून ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या बाबतीत अजून एक मार्ग उघडा आहे. सही खोडली म्हणता ना? चोरी लपवण्यासाठी जाणूनबुजून कर्त्याचं नाव पुसणं हा अमेरिकी कायद्यात वेगळा गुन्हा मानला आहे. त्याची भरपाई २,५०० ते २५,००० डॉलर, आणि तिला ही नोंदणीची आडकाठी नाही. वेलांटीचं टोक राहिलेला तो फोटो जपून ठेवा.

---

एडिसनकर

नोटिशीनंतर समोरच्याने उलट नोटीस दिली तर काय होतं, हे सगळ्यांनी समजून घ्या. ‘हे माझंच आहे’ असं त्याने लिहून दिलं, की संकेतस्थळ १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत माल परत चढवतं. ते थांबवायचं तर तेवढ्यात तुम्हाला अमेरिकेच्या कोर्टात दावा लावावा लागतो. बहुतेक चोर इतकं धाडस करत नाहीत, कारण उलट नोटिशीत खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि अमेरिकी कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो.

२०२२पासून इथे अमेरिकेत कॉपीराइटच्या छोट्या दाव्यांसाठी वेगळं मंडळ आहे. ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे ऑनलाइन चालतात, वकील नसला तरी चालतं, परदेशातूनही अर्ज करता येतो. अट म्हणजे समोरचा अमेरिकेतला हवा आणि कृतीच्या नोंदणीचा निदान अर्ज तरी केलेला हवा. समोरचा ६० दिवसांत ‘मला हे मंडळ नको’ म्हणू शकतो, ही त्यातली पळवाट.

---

मृण्मयी_सातारा

ओलीशाई, नोटिशीत नक्की काय लिहिलंत ते सांगाल का? माझ्या रांगोळ्यांचे फोटो दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या पेजवर दिसतात. दोनदा ‘कृपया काढा’ म्हणून कमेंट केली, तर मलाच ब्लॉक केलं.

---

ओलीशाई

मृण्मयीताई, कमेंट करायचीच नाही. त्या कंपनीच्या ‘कॉपीराइट तक्रार’ पानावरचा फॉर्म भरायचा. माझ्या नोटिशीत एवढंच होतं: मूळ चित्राचा दुवा आणि तारीख, चोरलेल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा दुवा (टी-शर्टचा वेगळा, पिशवीचा वेगळा, नाहीतर एकच उतरवतात), माझं नाव-पत्ता-ईमेल, ‘या वापराला माझी परवानगी नाही असं मी प्रामाणिकपणे मानते’ हे वाक्य, ‘वरची माहिती खरी आहे आणि मी हक्कधारक आहे’ हे शपथेवरचं वाक्य, आणि सही म्हणून टाइप केलेलं पूर्ण नाव.

त्याआधी पुरावा गोळा करा. एकदा उतरवलं की पान जातं. विक्रेत्याचं नाव, किंमत आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मूळ फाइल थरांसकट ठेवा. माझ्याकडे पेन्सिलचं कच्चं रेखाटन होतं, त्यावर शाईचा डाग पडलेला. तेही स्कॅन करून जोडलं. ते त्या चोराकडे कुठून असणार?

भारतातल्या संकेतस्थळाला लेखी तक्रार केली तर आपल्या नियमांप्रमाणे त्यांनी ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाहीत, तर ते पुन्हा खुला करू शकतात.

---

टिपकागद

त्याला जोडून: सर्व्हर परदेशात आहे म्हणून हात झटकता येत नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२मध्ये टेलिग्रामच्या प्रकरणात सांगितलंय. क्लास घेणाऱ्या एका शिक्षिकेच्या नोट्स आणि व्हिडिओ तिथल्या चॅनलांवर फुकट फिरत होते. टेलिग्रामचं म्हणणं असं, की आमची माहिती सिंगापूरला साठवलेली आहे, तिथला कायदा ती उघड करू देत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही आणि चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ वाटणाऱ्या ग्रुपांनी हे लक्षात घ्यावं. ‘वाचनसंस्कृती वाढवतोय’ म्हणत जिवंत लेखकाच्या पोटावर पाय देणं मला मुळीच पटत नाही.

---

अनुवादवेडी

माझा प्रश्न अनुवादाचा. मला अमेरिकी लेखक हेमिंग्वेच्या काही कथा मराठीत आणायच्या आहेत. कुणी म्हणतं परवानगी हवी, कुणी म्हणतं नको. नक्की काय?

---

टिपकागद

दोघंही बरोबर आहेत. तुम्ही कुठे विकणार, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. परदेशी लेखकालाही इथे हाच हिशेब, त्याच्या मायदेशी मुदत कमी असेल तर ती कमी मुदत. हेमिंग्वे १९६१ साली गेला. म्हणून त्याच्या हयातीत छापलेलं सगळं भारतात १ जानेवारी २०२२पासून मोकळं झालं. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलं साहित्य मात्र वेगळं, त्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. तेव्हा कथा निवडताना पहिल्या छपाईचं साल बघा.

अमेरिकेत त्याच कथांचं गणित प्रकाशनापासून ९५ वर्षांचं. १९५२ साली आलेली त्याची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी तिथे २०४७ संपेपर्यंत बंद. युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षं. म्हणजे तुमचं पुस्तक पुण्यात छापून नाशिकला विकलंत तर कुणाला विचारायला नको. तेच ई-बुक करून ‘जगभर उपलब्ध’ या खुणेवर बोट ठेवलंत, आणि ह्यूस्टनच्या मराठी वाचकाने विकत घेतलं, तर तिथे अजून बंद असलेल्या कथांच्या हक्काचा भंग झाला. ई-बुकच्या दुकानांत प्रदेश निवडायची सोय असते, तिथे फक्त भारत निवडा.

अजून एक. मूळ मोकळं झालं म्हणून जुना अनुवाद मोकळा होत नाही. हेमिंग्वेच्या त्याच १९५२च्या कादंबरीचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांड्यांनी केलेला आहे. पु. ल. २००० साली गेले, म्हणून त्यांच्या अनुवादावर २०६० संपेपर्यंत हक्क आहे. नवा अनुवाद करताना जुना शेजारी उघडून ठेवू नका.

---

सनीवेल_वाचनकट्टा

इथे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात आम्ही काही जण जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करतोय. आजोबांच्या पिढीने पत्र्याच्या ट्रंकेतून आणलेली, पानं हातात घेतली तरी तुकडे पडतात. आमचा समज असा, की भारतात मोकळं ते इथेही मोकळं. तुमच्या उत्तराने धास्तावलो. साने गुरुजींचं सगळं भारतात २०११पासून मोकळं आहे ना?

---

टिपकागद

हो. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून भारतात १ जानेवारी २०११पासून मोकळं. तुमच्या कॅलिफोर्नियात नाही.

याचं कारण सांगतो, नीट वाचा, कारण मराठीच्या एका अख्ख्या पिढीला हे लागू होतं. भारतात आधी मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यामुळे १९९१ संपताना त्यांचं साहित्य मोकळं होणार होतं. ते होऊ नये म्हणून डिसेंबर १९९१च्या शेवटच्या दिवसांत वटहुकूम काढून मुदत ६० केली. ज्यांची ५० वर्षं तोवर संपली होती, त्यांना ती वाढ मिळाली नाही. म्हणजे १९४० किंवा त्याआधी गेलेले लेखक मोकळेच राहिले, १९४१ आणि नंतरचे आणखी दहा वर्षं बंद राहिले.

आता अमेरिका. १ जानेवारी १९९६ रोजी तिने परदेशी कृतींचे हक्क पुन्हा जिवंत केले, पण फक्त त्या दिवशी मायदेशात संरक्षित असलेल्या कृतींचे. म्हणून १९४० किंवा आधी गेलेल्या मराठी लेखकाचं साहित्य तुमच्याकडेही मोकळं. १९४१ किंवा नंतर गेलेल्याचं १९४० साली छापलेलं पुस्तक तुमच्याकडे २०३५ संपेपर्यंत बंद, भारतात ते कधीच मोकळं झालेलं असलं तरीही.

मला हे अन्यायाचं वाटतं. ज्या पुस्तकाला मायदेशात मालक उरला नाही त्याला परदेशात कुलूप! युरोपने निदान एक शहाणपण दाखवलंय: मायदेशातली मुदत कमी असेल तर तीच धरायची. त्यामुळे भारतीय लेखक तिथे ६० वर्षांनी सुटतो. बर्न करारात ही मुभा आहे, अमेरिकेने ती घेतलेली नाही.

तुम्ही स्कॅन करणं थांबवू नका. कागद मेला तर हक्क संपून उपयोग काय? जतन करा, पण सर्वांसाठी खुलं करायचं काम भारतातल्या एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवा. आणि शक्य असेल तिथे वारसांना पत्र लिहा. मराठी लेखकांचे वारस बहुधा आनंदाने हो म्हणतात, विचारणारंच कुणी नसतं.

---

भास्कर_गडचिरोली

मी जरा वेगळं बोलतो. हा सगळा कायदा श्रीमंत देशांनी आपल्या सोयीने केलाय. मी शिक्षक आहे. आमच्या आश्रमशाळेतल्या मुलाला परदेशी विज्ञानाचं पुस्तक हवं असेल तर त्याची किंमत त्याच्या बापाच्या महिन्याच्या मजुरीएवढी. झेरॉक्स केली तर चोर? तुमच्यातल्याच सगळ्यांनी असंच शिकून पदव्या घेतल्या.

---

टिपकागद

भास्करसर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि भारताने तो जगापुढे मांडलेला आहे.

१९६७ साली स्टॉकहोमला बर्न कराराची फेररचना झाली. वसाहतींतून नुकत्याच सुटलेल्या देशांनी, त्यात भारत पुढे, शिक्षणासाठी अनुवाद आणि पुनर्मुद्रण स्वस्तात आणि सहज करता यावं अशी सवलत मागितली. ती मंजूर झाली आणि ब्रिटनच्या प्रकाशकांनी कडाडून विरोध केला. श्रीमंत देशांनी ती लागूच होऊ दिली नाही. १९७१मध्ये पॅरिसला तडजोड झाली. आपल्या कायद्यात १९८३ साली त्यावर आधारलेली कलमं आली: शिक्षणासाठी परदेशी पुस्तक काही वर्षांत भारतीय भाषेत मिळालं नाही, तर अनुवादाचा परवाना न्यायालयाकडे मागता येतो. पण मुदती, नोटिसा, परवानगी मागितल्याचे पुरावे यांचं इतकं जंजाळ आहे की त्या वाटेला जवळजवळ कुणी जात नाही. एखाद्या विद्यापीठाने मराठीसाठी ती वाट चोखाळून बघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

झेरॉक्सबद्दल: दिल्ली विद्यापीठाच्या दुकानाविरुद्ध मोठे परदेशी प्रकाशक कोर्टात गेले होते. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अध्यापनासाठी लागणारे उतारे एकत्र करून त्यांच्या प्रती काढणं कायद्यात बसतं. बर्न करारही शिकवण्यासाठीच्या वापराला जागा ठेवतो. तेव्हा वर्गासाठी प्रती काढणारे तुम्ही चोर नाही.

---

भास्कर_गडचिरोली

हे निकालाचं माहीत नव्हतं. आमच्या मुख्याध्यापकांना दाखवतो. तरी म्हणेन, आमच्या मुलांनी उताऱ्यांवर का भागवावं? अख्खं पुस्तक मराठीत हवं.

---

श्रुतवाचक

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. एका कराराचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून लिहितो. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेशला दृष्टिहीनांसाठी करार झाला. आमच्यासाठी ब्रेल, ध्वनिपुस्तक किंवा स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी प्रत करायला हक्कधारकाची परवानगी लागू नये, आणि अशी प्रत एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावी, हा त्याचा गाभा. त्याला सगळ्यात आधी मान्यता दिली भारताने, २०१४ साली.

याआधी काय व्हायचं? तेच इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये एका संस्थेने वाचून ठेवलेलं, तेच पुन्हा मुंबईत कुणी स्वयंसेवक पहिल्यापासून वाचायचा, कारण ध्वनिफीत सीमेपलीकडे पाठवायला कायदा नाही. आता पाठवता येते. मराठीत अजून वाचकच कमी पडतात. ज्यांचा आवाज स्वच्छ आहे त्यांनी जवळच्या अंधशाळेत विचारा. कॉपीराइटची भीती घालून कुणी अडवलं तर हा करार सांगा.

---

मृण्मयी_सातारा

श्रुतवाचक, मी वाचेन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

छिन्नी

मी शिल्पकलेचा विद्यार्थी. आम्हाला वर्गात एक खटला सांगितला होता, तो इथे चपखल बसतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांनी सरकारसाठी ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प केलं होतं, जवळपास १४० फूट रुंद. १९५७ला काम सुरू झालं, पूर्ण व्हायला पाच वर्षं लागली. १९७९मध्ये इमारतीच्या दुरुस्तीत त्यांना न विचारता ते उपटून गोदामात टाकलं, तुकडे झाले. १९९२ला त्यांनी दावा लावला. सरकार म्हणालं, पैसे दिले, शिल्प आमचं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे सहगलांना परत द्यायला लावले, पाच लाख भरपाई दिली आणि त्या शिल्पावरचे हक्क त्यांचे ठरवले.

आपल्या कायद्याच्या ५७व्या कलमात कर्त्याचा हा खास हक्क आहे: नाव लावण्याचा, आणि कृतीची मोडतोड होऊन आपली अप्रतिष्ठा होत असेल तर दाद मागण्याचा. बर्न करारात तो १९२८ साली आला. कृती विकली तरी हा हक्क कर्त्याकडे राहतो. व्हॉट्सअॅपवर कवीचं नाव उडवून कविता पुढे ढकलणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

माझी शंका: मी ऑर्डरवर काम करतो. तेव्हा कॉपीराइट कुणाचा?

---

टिपकागद

छिन्नी, उत्तम लिहिलंत. तुमच्या शंकेवर: पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, रंगवलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर करारात वेगळं लिहिलं नसल्यास पहिला मालक ऑर्डर देणारा. पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या चित्रकारांना इथेच फटका बसतो. शिल्पाला हा नियम लागू नाही, त्यामुळे नोकरीत नसाल तर ते तुमचं. तरी लिहून घ्याच. आणि अमेरिकेत असे नाव-प्रतिष्ठेचे हक्क फार आखडलेले आहेत, चित्र-शिल्पाच्या मूळ प्रतीपलीकडे ते फारसे जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

---

कोडकर

एआयचं काय? आमची पुस्तकं, चित्रं सगळी त्यात ओतली जातायत.

---

टिपकागद

अंतिम निकाल लागायचे आहेत. भारतात एका वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावलाय. अमेरिकेत मात्र २०२५ साली एक मोठी तडजोड झाली. चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तकं उतरवल्याबद्दल एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने लेखक-प्रकाशकांना दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, साधारण एका पुस्तकामागे ३,००० डॉलर. पण कोणत्या पुस्तकांना? ज्यांची अमेरिकेत वेळेत कॉपीराइट नोंदणी झाली होती त्यांनाच. त्या चोरट्या साठ्यात जगभरची पुस्तकं होती, आणि नोंदणी नसलेली सगळी या यादीबाहेर राहिली. म्हणून वर इतक्या कळकळीने लिहिलं.

---

अनुवादवेडी

टिपकागद, शेवटचं विचारते. एका ध्वनिपुस्तक कंपनीचा करार आलाय, माझ्या स्वतःच्या कथासंग्रहासाठी. त्यात लिहिलंय: ‘लेखिका आपले सर्व हक्क, सर्व भाषांत, ज्ञात व भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वासाठी, कायमस्वरूपी कंपनीच्या नावे करीत आहे.’ एकरकमी पैसे देतायत. घरचे म्हणतात, कुणी विचारतंय तर घे.

---

टिपकागद

सही करू नका. आधी हे वाचा.

बर्न करार, आपला कायदा, वर लिहिलेलं सगळं तुम्हाला जे देतं, ते हे एक वाक्य काढून घेतं. चोर एक चित्र उचलतो, हा करार अख्खं पुस्तक उचलतो. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी लेखकांचं सगळ्यात मोठं नुकसान चोरीने झालेलं पाहिलं नाही, स्वतःच्या सहीने झालेलं पाहिलं.

आपला कायदा खरं तर लेखकाच्या बाजूने आहे. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. म्हणून तर कंपनीचे वकील ‘संपूर्ण विश्व’ आणि ‘कायमस्वरूपी’ लिहितात, गाळलेल्या जागा कायद्याने तुमच्या बाजूने भरू नयेत यासाठी. गीतकार-संगीतकारांचं हेच होत होतं. २०१२च्या दुरुस्तीने सिनेमातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा करारानेही सोडता येणार नाही असं केलं. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी झगडले. तरी करारातल्या बाकी अटींसाठी तुम्हालाच घासाघीस करावी लागेल.

त्यांना असं लिहा: हक्क फक्त ध्वनिपुस्तकाचा, फक्त मराठीत. मुदत पाच वर्षं. प्रदेश जगभर चालेल, कारण ऐकणारे परदेशातही आहेत, पण त्याचा हिशेब वेगळा दाखवायचा. एकरकमी रक्कम आगाऊ म्हणून धरायची, वर विक्रीवर टक्केवारी. नाटक, चित्रपट, मालिका, अनुवाद, आणि यंत्राला (एआयला) शिकवण्यासाठीचा वापर, हे सगळं नाव घेऊन वगळायचं. वर्षभरात ध्वनिमुद्रण बाजारात आलं नाही तर हक्क परत.

---

अनुवादवेडी

ते ‘आमचा फॉरमॅट ठरलेला आहे’ म्हणाले तर?

---

टिपकागद

पहिल्यांदा सगळेच म्हणतात. निदान तीन ओळी सोडू नका: ‘सर्व माध्यमांत’ खोडून ‘ध्वनिपुस्तक’, ‘कायमस्वरूपी’ खोडून ‘पाच वर्षं’, आणि रॉयल्टीचं कलम. एवढ्यालाही नाही म्हणाले तर दुसरी कंपनी शोधू, मला दोन-तीन ठिकाणं माहीत आहेत. मसुदा व्यनिने पाठवा, नाव-पत्ता काढून. रविवारी सकाळी बसून बघतो.